हिरडीवरच्या पुळीसाठी मेडिकलमध्ये मिळणारी औषधं : कोणतं किती कामाचं

हिरडीवर पुळी आली की माणूस आधी आरशात बघतो, मग दिवसभर जिभेनं चाचपत राहतो आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो. "हिरडी सुजलीय, काहीतरी द्या" एवढं म्हटलं की काउंटरवर येणाऱ्या वस्तू जवळपास ठरलेल्या असतात. क्लोरहेक्सिडीनची गुळणी, गमपेंटची छोटी बाटली, मेट्रोनिडाझोलचं जेल, दुखण्यावरचं जेल, लवंगतेल, आणि पुष्कळदा न मागताच अँटिबायोटिकच्या चार-सहा गोळ्या कापून. या सगळ्यांचं आणि त्यांच्या पुढच्या पायरीचं, म्हणजे दवाखान्यातल्या उपचारांचं, हे परीक्षण आहे. कसोटी एकच लावली आहे : पुळी जिथून उगम पावते तिथपर्यंत ते औषध पोचतं का?

उगम कळल्याशिवाय बाटलीचं मोल ठरत नाही, म्हणून आधी पुळीकडेच नीट बघू.

सगळ्यांत जास्त दिसणारी पुळी तांदळाच्या दाण्याएवढी असते. दाताच्या मानेपासून जरा दूर, मुळाच्या टोकाच्या दिशेला, बहुतेक वेळा गालाकडच्या हिरडीवर. मधोमध पिवळसर ठिपका. बोटानं दाबली की थोडा पू येतो, तोंडात खारट-कडवट चव पसरते, पुळी दोन दिवस सपाट होते आणि पुन्हा भरते. दुखत मात्र नाही. हा नासूर. त्या दाताची नस केव्हाच मेलेली असते. कीड खोलवर गेलेली असेल, जुन्या सिमेंटखालून पाझर झाला असेल, किंवा कधीकाळी पडून दाताला मार बसला असेल आणि दात नंतर काळपट पडला असेल. मेलेल्या नसेतले जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथे पू साठतो, हाड पोखरून तो बाहेर वाट काढतो आणि हिरडीवर तोंड फोडतो. पूला वाट मिळाली की आतला दाब उतरतो आणि ठणका थांबतो. महिनाभर रात्र रात्र जागवणारी दाढ अचानक शांत होते आणि माणसाला वाटतं, बरं झालं. हाड आतून झिजतच असतं.

दुसरी पुळी दाताच्या काठाला लागून येते. हिरडी लाल, चकचकीत, फुगलेली. दात हलतो, चावताना आधी तोच लागतो, जणू बाकीच्या दातांपेक्षा उंच झालाय. इथे नस जिवंत असते, थंड पाणी लागलं तर दात शिवशिवतो. हिरडी आणि मूळ यांच्यामध्ये निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटरची खाच असते. टार्टर, म्हणजे दातांवर जमून दगडासारखा कडक झालेला थर, साचत गेलं की ती ५, ७, कधी ९ मिलिमीटरची होते आणि तिचं वरचं तोंड मिटलं की आत पू कोंडतो. मधुमेह ताब्यात नसला तर असे फोड एकामागून एक, वेगवेगळ्या दातांना येतात. ज्यांना सहा महिन्यांत दोन-तीनदा वेगवेगळ्या जागी असा फोड आला, त्यांनी दाताच्या डॉक्टरकडे जायच्या आधी नाहीतर नंतर, पण रक्तातली साखर तपासलीच पाहिजे. एचबीएवनसी ही तपासणी यासाठी जास्त उपयोगी, कारण ती मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते.

याच जातीचा एक साधा फोड असतो, एका रात्रीत उठणारा. पॉपकॉर्नचं साल, माशाचा काटा, टूथपिकचं मोडलेलं टोक, ब्रशचा तुटलेला केस असं काहीतरी हिरडीत रुतलेलं असतं. ते काढलं आणि जागा धुतली की दोन-तीन दिवसांत प्रकरण संपतं. अक्कलदाढ अर्धवट बाहेर आली असेल तर तिच्यावर हिरडीचा पदर राहतो. त्याखाली अन्न अडकून तो सुजतो आणि वरची दाढ त्याच्यावर चावते. तोंड उघडेनासं होतं ते बहुधा याच सुजेनं.

पू नसलेल्या गाठींची जात वेगळी. त्यांच्याकडे पुढे येऊ, कारण मेडिकलमधलं एकही औषध त्यांच्यासाठी नाही.

आता बाटल्या.

क्लोरहेक्सिडीन ही या फळीवरची सगळ्यांत कामाची वस्तू. आपल्याकडे ती बहुतेक ०.२ टक्के ताकदीची मिळते. हेक्झिडीन, रेक्झिडीन, क्लोहेक्स ही नावं लोकांना पाठ असतात. मात्रा १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ३० सेकंद ते १ मिनिट तोंडात खेळवायची आणि थुंकायची. १६० मिलिलिटरची बाटली या हिशेबानं ८ दिवस पुरते. एकच बाटली महिनाभर चालत असेल तर मात्रा कमी पडते आहे, किंवा पाणी फार घातलं जातं आहे. ही गुळणी दातांना आणि हिरडीच्या त्वचेला चिकटून राहते आणि पुढचे कित्येक तास काम करते. म्हणून गुळणी केल्यावर लगेच साध्या पाण्यानं चूळ भरली तर पैसे वाया. निदान अर्धा तास चहासुद्धा नको. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पेस्टनं दात घासून लगेच गुळणी करणं. पेस्टला फेस आणणारं रसायन क्लोरहेक्सिडीनला निष्प्रभ करतं. दोन्हींत अर्ध्या तासाचं अंतर ठेवावं.

दोन आठवड्यांपुढे ती वापरू नये. दातांवर तपकिरी डाग पडतात, जिभेचा मागचा भाग काळपट होतो, आमटी-भाजीची चव बिघडते, मीठ कमी लागतं. डाग घरच्या ब्रशनं जात नाहीत, दवाखान्यात पॉलिश करून घ्यावे लागतात. चहा भरपूर पिणाऱ्यांना ते लवकर पडतात.

आता कसोटी. अक्कलदाढेवरचा पदर, काटा काढल्यानंतरची जखम, दात साफ करून घेतल्यानंतरचे पंधरा दिवस, या तिन्ही ठिकाणी ही गुळणी चोख काम करते. सात मिलिमीटर खोल खाचेत मात्र तिचा थेंब जेमतेम काठापर्यंत जातो, आणि नासुराच्या बाबतीत तर जंतू मुळाच्या आत, हाडाच्या पल्याड बसलेले असतात. बाहेरून कितीही खळखळवलं तरी तिथे काहीच पोचत नाही.

गमपेंट हे आपल्याकडचं जुनं आणि आवडतं औषध. ग्लिसरीनमध्ये टॅनिक ॲसिड, झिंक क्लोराइड, कशात आयोडीन, कशात सेट्रिमाइड. टॅनिक ॲसिड त्वचा आकसवतं. म्हणजे मायफळानं तोंड जसं आवळून येतं तसंच. हिरडी घट्ट झाल्यासारखी वाटते, रक्त येणं काही काळ थांबतं. लावायची रीत अशी : कापसाच्या बोळ्यानं हिरडी कोरडी करा, चार-पाच थेंब बोटावर घेऊन हळूच एक-दोन मिनिटं चोळा, थुंका, अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. ओल्या हिरडीवर लावलं तर लाळेबरोबर पोटात जातं.

आमचं मत या औषधाबद्दल थोडं कडक आहे. ते वाईट नाही, पण फसवं आहे. रक्त येणं ही हिरडीनं दिलेली सूचना असते, खाली टार्टर आहे म्हणून. गमपेंट ती सूचना दाबतं आणि टार्टर जिथल्या तिथे ठेवतं. वर्षानुवर्षं गमपेंट चोळून हिरडी छान घट्ट ठेवलेल्या माणसाचे खालचे पुढचे दात एक दिवस हलायला लागतात आणि मग एक्स-रेमध्ये हाड अर्धं उतरलेलं दिसतं. पू भरलेल्या फोडावर चोळणं तर टाळाच. पू बाहेर येण्याची वाट आपणच आवळतो आणि चोळण्यानं सूज पसरते.

मेट्रोनिडाझोल जेलमध्ये साधारण १ टक्का मेट्रोनिडाझोल आणि ०.२५ टक्के क्लोरहेक्सिडीन असतं; काहींत बधिर करणारं लिग्नोकेनही घालतात. हिरडीच्या काठावर दिवसातून दोनदा लावायचं. दुर्गंधी कमी होते, काठाची लाली उतरते. बोटानं लावलेलं जेल खाचेत उतरत नाही, तासाभरात लाळेनं धुऊन जातं. दात साफ करून घेतल्यावर डॉक्टर बोथट सुईनं हेच किंवा याच्याजवळचं जेल थेट खाचेत भरतात, तेव्हा त्याला अर्थ असतो. घरी लावलेलं जेल म्हणजे गुळणीपेक्षा थोडं महाग आणि थोडं कमी उपयोगी, असाच आमचा हिशेब आहे.

दुखण्यावरच्या जेलमध्ये कोलीन सॅलिसिलेट, लिग्नोकेन किंवा बेंझोकेन असतं. तोंड आल्यावर ती ठीक. पुळीवर त्यांचं काम पंधरा-वीस मिनिटांचा बधिरपणा, बस. लहान मुलांच्या बाबतीत सावध राहायला हवं. दात येताना हिरडीवर बेंझोकेन लावल्यानं रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते, म्हणून दोन वर्षांखालच्या बाळाला ते लावायचं नाही. सॅलिसिलेट ॲस्पिरिनच्या घराण्यातलं, तेही मुलांना नको. घरातल्या मोठ्यांसाठी आणलेली ट्यूब बाळाच्या हिरडीवर फिरवली जाते, हे फार घडतं.

लवंगतेलाबद्दल जिव्हाळा सगळ्यांनाच असतो. किडलेल्या दाताच्या खड्ड्यात, कापसाच्या बारीक बोळ्यावर एक थेंब, तेही बोळा टिपून घेऊन, एवढंच त्याचं स्थान. हिरडीवर तसंच ओतलं तर त्यातल्या युजेनॉल या द्रव्यानं त्वचा भाजते, पांढरा पापुद्रा सुटतो आणि खाली लालभडक जखम उरते. मग मूळ पुळी राहते बाजूला आणि त्या जखमेचाच इलाज करावा लागतो. ॲस्पिरिनची गोळी दाढेशेजारी दाबून धरण्याचा प्रकारही तसाच. गोळी पोटात जाऊन काम करते. गालात धरली तर फक्त भाजते.

मीठपाणी मात्र पूर्ण गुण मिळवतं, कारण त्याच्याकडून कुणी चमत्काराची अपेक्षा ठेवत नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चारदा, जेवणानंतर न चुकता. पू वाहत असेल तर तो धुऊन निघतो, अडकलेलं अन्न सुटतं, तोंडाला बरं वाटतं. पाणी कोमट असावं, चटका बसेल असं नको. गालाला बाहेरून गरम शेक देणं टाळावं. त्यानं सूज बाहेरच्या बाजूला ओढली जाण्याची भीती असते. बाहेरून शेकायचंच असेल तर रुमालात गुंडाळलेला बर्फ, दहा मिनिटं लावून दहा मिनिटं विश्रांती. त्रिफळ्याच्या काढ्याची गुळणीही तुरट असल्यानं काठावरच्या सुजेला बरी वाटते, खोलवर तीही जात नाही. हळद-मीठ-तेलाचा लेप लावून मालीश करण्याचा सल्ला मात्र पुळी असताना मानू नये.

अँटिबायोटिकवर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यांत जास्त पैसा आणि सगळ्यांत जास्त नुकसान इथेच आहे. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल ही जोडी सगळ्यांच्या ओळखीची. गोळी रक्तातून जाते. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, मग गोळी तिथे जाणार कशी? ती आजूबाजूच्या हाडात पसरलेला संसर्ग थोपवते, सूज उतरते, आणि गोळ्या संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत पुळी त्याच जागी, त्याच आकाराची परत येते. मग पुन्हा तीच पट्टी. असं पुन्हा पुन्हा झालं की जंतू त्या औषधाला दाद देईनासे होण्याची भीती वाढते. ताप, चेहऱ्यावर पसरलेली सूज, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, तोंड न उघडणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टर ही औषधं देतात आणि ती तेव्हा लागतातच. नुसत्या दुखऱ्या किंवा न दुखणाऱ्या पुळीला त्यांची गरज नसते. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं, मेडिकलवाला कितीही ओळखीचा असला तरी. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावरही दोन-तीन दिवस दारू नको. उलट्या, धडधड, चेहरा लालबुंद होणं असा त्रास होऊ शकतो.

राहिली मिश्री आणि दात घासायची लाल पूड. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. हिरडी बधिर होते म्हणून दुखणं कमी वाटतं, आणि तीच जागा पुढे जाऊन घात करते. तंबाखू घातलेल्या पेस्ट आणि दंतमंजनांवर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरी भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार! पुळीवर मिश्री लावणाऱ्या बाईला जेल विकणं म्हणजे तिचा वेळ घालवणं आहे. तिला त्याच आठवड्यात तोंड दाखवायला पाठवावं.

दवाखान्यातली खुर्ची

इथे परीक्षण औषधाचं नसून कामाच्या पद्धतीचं आहे. चांगला दवाखाना ओळखायचा कसा? पुळी बघून थेट चिठ्ठी लिहिली तर ती मेडिकलचीच दुसरी शाखा समजावी. काळजीनं काम करणारा डॉक्टर पाच गोष्टी करतो आणि त्यांना मिळून पंधरा मिनिटंही लागत नाहीत. आरशाच्या मागच्या टोकानं शेजारचे दात एकेक करून ठोकून बघतो. बर्फ किंवा थंड फवारा मारलेला बोळा दाताला लावून नस जिवंत आहे का ते पाहतो. खुणा असलेल्या बारीक सळईनं प्रत्येक दाताभोवती सहा जागी खाच मोजतो. दात हलवून बघतो. आणि एक्स-रे काढतो, बहुतेक ठिकाणी आता संगणकावर लगेच दिसणारा आरव्हीजी.

नासूर असेल तर याच्या पुढची एक नेमकी युक्ती आहे. रूट कॅनाल भरताना वापरतात ती गुलाबी, लवचीक गट्टापर्चाची काडी पुळीच्या भोकातून हळूच आत सरकवायची आणि तशीच ठेवून एक्स-रे घ्यायचा. काडी नासुराच्या वाटेनं आत जाते आणि तिचं टोक ज्या मुळाशी थांबतं तो दोषी दात. पुळी एका दाताच्या समोर आणि दोष शेजारच्या दातात, असं पुष्कळदा निघतं. ही तपासणी न करता चुकीच्या दाताची नस काढली गेली तर पैसे जातात, चांगला दात जातो आणि पुळी राहते. तेव्हा "काडी घालून एक्स-रे काढला का?" असं विचारायला संकोचू नये.

नस मेलेली निघाली की रूट कॅनाल किंवा दात काढणं, हे दोनच खरे उपाय. रूट कॅनालमध्ये मुळांतल्या सगळ्या नळ्या बारीक सुयांनी कोरून सोडियम हायपोक्लोराइटनं धुतात. नासूर असेल तर बरेच डॉक्टर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून एक-दोन आठवडे थांबतात. त्या काळात पुळी आपोआप मिटते. तिला काही लावावं लागत नाही, कापावं लागत नाही. औषधांची फळी आणि मुळाचा उपचार यांतला फरक इथे डोळ्यांनी दिसतो : महिनोन्‌महिने न हटलेली पुळी, आत स्वच्छ झालं की पंधरा दिवसांत नाहीशी. हाड भरून यायला मात्र सहा महिने ते वर्ष लागतं, म्हणून तेवढ्या अवधीनंतरचा एक एक्स-रे काढून घ्यावा. दाढेला वर कॅप बसवली नाही तर ती चिरते, आणि चिरलेलं मूळ वाचत नाही.

रूट कॅनाल करूनही पुळी परत आली तर कारणं ठरलेली आहेत. वरच्या पहिल्या दाढेत बहुधा चौथी, अगदी बारीक नळी असते, ती सापडलीच नाही. कॅपच्या कडेनं लाळ आत झिरपली. भरण मुळाच्या टोकाच्या बरंच आधी थांबलं. किंवा मूळ उभं चिरलंय. त्याची खूण अशी की दाताभोवती सगळीकडे खाच ३ मिलिमीटर आणि एकाच अरुंद जागी सळई एकदम ८-९ मिलिमीटर आत जाते. पहिल्या तीनांत पुन्हा रूट कॅनाल करता येतं. चिरलेल्या मुळाला दात काढण्याशिवाय इलाज नाही आणि तिथे पुन्हा पुन्हा खर्च करवून घेणाऱ्या जागेपासून दूर राहिलेलं बरं.

खाचेतल्या फोडासाठी आधी पू काढतात, मग भूल देऊन मुळावरचं टार्टर खरवडून साफ करतात. "दात साफ केल्यानं दात सैल होतात" ही समजूत अजून जात नाही. टार्टरनं धरून ठेवलेले दात टार्टर निघाल्यावर मोकळे वाटतात, सूज उतरल्यानं फटी दिसतात. हाड आधीच गेलेलं असतं. खाच पुन्हा मोजायला सहा ते आठ आठवड्यांनी बोलावलं पाहिजे. न बोलावणारा दवाखाना काम अर्धवट सोडतो.

पू नसलेल्या गाठी

घट्ट, हिरडीच्याच रंगाची, हळूहळू वाढलेली गाठ बहुधा सततच्या घासण्यानं किंवा टार्टरनं आलेली असते. ती कापून काढतात आणि खालचं टार्टरही खरवडतात; ते राहिलं तर गाठ पुन्हा उगवते. सैल झालेल्या कवळीच्या कडेला त्वचेच्या घड्या पडून गाठ होते, तिथे आधी कवळी नीट करून घ्यायची. अगदी टणक, हाडासारखी, दोन्ही बाजूंना सारखी आणि कित्येक वर्षं तशीच असलेली गाठ म्हणजे वाढलेलं हाडच, तिला काही करायचं नाही.

गरोदरपणात, साधारण चौथ्या महिन्यापासून पुढे, दोन दातांच्या मधल्या हिरडीवर लालबुंद, मऊ गाठ उठते आणि ब्रश लागताच भळाभळा रक्त येतं. संप्रेरकांमुळे हिरडी थोड्याशा टार्टरलाही जास्त फुगते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात साफ करून घेणं सुरक्षित असतं. गाठ बाळंतपणानंतर बहुतेक वेळा आकसते, म्हणून कापायची घाई करत नाहीत. फारच रक्त येत असेल किंवा जेवता येत नसेल तरच. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन घरात पडलेलं असलं तरी गरोदरपणात स्वतःहून घ्यायचं नाही.

एकच गाठ नसून सगळ्याच दातांमधली हिरडी फुगून दातांवर चढत असेल तर औषधांची यादी काढा. फिट्सवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं अमलोडिपिन किंवा निफेडिपिन, मूत्रपिंड बदलल्यानंतरचं सायक्लोस्पोरिन, या औषधांनी असं होतं. गोळी मनानं बंद करायची नाही. फिट्सची गोळी एक दिवस चुकवणंसुद्धा महागात पडतं. दाताच्या डॉक्टरनं मूळ डॉक्टरला चिठ्ठी लिहावी, पर्यायी औषध बसतं का ते त्यांनी ठरवावं.

बाळांच्या हिरडीवर जन्मतःच दिसणारे पांढरे मोत्यासारखे ठिपके काही आठवड्यांत आपोआप जातात. सुईनं टोचायचे नाहीत. दात यायच्या जागी निळसर फुगवटा दिसला तर दात येता येताच तो फुटून जातो.

कापलेली प्रत्येक गाठ तपासायला गेली पाहिजे, फॉर्मॅलिनच्या बाटलीत, नाव आणि जागा लिहून. "लेझरनं पाच मिनिटांत, टाका नाही, रक्त नाही" अशा जाहिराती बऱ्याच दिसतात. लेझर चांगलं हत्यार आहे, पण गाठीच्या कडा भाजून निघाल्या तर सूक्ष्मदर्शकाखाली नेमक्या कडाच वाचता येत नाहीत. जळून वाफ केलेल्या गाठीतून तर काहीच हाती लागत नाही. सुरीनं काढलेला तुकडा तपासणाऱ्यासाठी सर्वांत बरा.

आपल्याकडे हे का महत्त्वाचं, तर तंबाखू-चुन्याचा बार किंवा गुटखा खालच्या हिरडी आणि गालाच्या मधल्या खोबणीत धरतात आणि तोंडाचा कर्करोग नेमका तिथे उठतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंडं बदललेली नाहीत. अशी गाठ सुरुवातीला दुखत नाही. कडा टणक आणि उंचावलेल्या, मध्ये चरा किंवा फुलकोबीसारखा खडबडीतपणा, शेजारचा दात कारण नसताना हलणं, खालचा ओठ बधिर होणं, गळ्यात न दुखणारी गाठ, तोंड कमी कमी उघडणं, यांतलं काहीही दिसलं की थांबायचं नाही. कसलंही औषध लावून दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम बायोप्सीसाठी, म्हणजे तुकडा काढून तपासण्यासाठी, गेलीच पाहिजे. हलणारा दात नुसता उपटून मोकळं होणं इथे सगळ्यांत वाईट. मग न भरणारा खड्डा राहतो आणि महिने वाया जातात.

यासाठी सरकारी आणि पालिकेची दंत महाविद्यालयं ही उत्तम सोय आहे आणि तिला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं. हिरडीचा विभाग, रूट कॅनालचा विभाग, शस्त्रक्रिया आणि तुकडा तपासणारी प्रयोगशाळा एकाच छपराखाली असतात. खर्च खासगी दवाखान्याच्या मानानं फार कमी. उणीव म्हणजे फेऱ्या. काम शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली करतात, प्रत्येक टप्पा तपासून घेतात, त्यामुळे एका बैठकीचं काम तीन बैठकांत जातं. रोजंदारी बुडणाऱ्याला हे जड जातं. पण संशयास्पद गाठीसाठी आम्ही हीच जागा आधी सुचवू. गरज पडली तर पुढे परळच्या टाटा रुग्णालयात पाठवायची वाट त्यांना पाठ असते.

एका प्रसंगी मात्र दवाखान्याची वेळ बघत बसायचं नाही. जबड्याखाली दोन्ही बाजूंना सूज, जीभ वर उचलली गेलेली, थुंकी गिळता येत नाही, आवाज घोगरा, श्वास घेताना त्रास, किंवा वरच्या दाताची सूज डोळा मिटेपर्यंत चढलेली, सोबत ताप. मध्यरात्र असली तरी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं. पू गळ्यात उतरला तर श्वास कोंडायला काही तास पुरतात.

बाकी वेळी जाताना तीन गोष्टी सोबत न्याव्यात : चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, असतील तर जुने एक्स-रे, आणि पुळी भरलेली असताना मोबाइलवर काढलेला तिचा फोटो. खुर्चीत बसायच्या दिवशी ती नेमकी सपाट झालेली असते.